जातो नाही, येतो म्हणावं

मागच्या अंकात ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश सिरियलमधल्या एका निरोपाच्या सीनबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटी म्हटलं होतं की जुन्या सायन्स फिक्शन सिरियल्समधला कुठला निरोप तुमच्या मनात घर करून बसलाय ते कळवा. एवढी पत्रं आणि मेल आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. ज्यांनी ही सिरियल बघितलेलीच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, १९८९ पर्यंत चालली, मग २००५ ला परत सुरू झाली. डॉक्टर हा परग्रहावरचा माणूस, टार्डिस नावाच्या यानातून काळात आणि अवकाशात कुठेही फिरतो, यान बाहेरून निळ्या पोलीस बॉक्ससारखं दिसतं. मरायला टेकला की त्याचं अख्खं रूपच बदलतं, म्हणून वेगवेगळे नट डॉक्टर झालेत. बरोबर एक-दोन सोबती असतात, बहुतेक पृथ्वीवरचीच माणसं, आणि वर्ष-दोन वर्षांनी ते बदलतात. म्हणजे दर थोड्या दिवसांनी कोणीतरी निघणारच. काही निरोप इतके सुंदर झालेत की साठ वर्षांनीही घसा दाटून येतो, आणि काही इतके वाईट की अजून राग जात नाही. दोन्हीबद्दल लिहितो.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका. मुलगी कॅनडात असते. सुट्टीत आलेल्या नातवाने मला डॉक्टर आणि त्याची नात सुझन यांचा शेवटचा एपिसोड दाखवला. आजोबा नातीला बाहेर ठेवून दार लावून घेतो आणि निघून जातो! मला रडू आलं आणि रागही आला. तिला विचारलंसुद्धा नाही. हे कसलं प्रेम? (सातारा)

ताई, राग आला ते बरोबरच आहे. पण तो सीन परत एकदा बघा, आणि यावेळी चेहऱ्यांकडे नको, सुझनच्या बुटाकडे बघा.

‘द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’ ही टेरी नेशनने लिहिलेली सहा भागांची गोष्ट, शेवटचा भाग २६ डिसेंबर १९६४ ला लागला. बाविसाव्या शतकातलं लंडन, डालेक, म्हणजे यंत्राच्या कवचात बसलेले परग्रहावरचे शत्रू, हरलेत, सगळीकडे पडझड झालेली, आणि आता निघायची वेळ झालीये. आजोबाला दिसतं की नातीच्या बुटाचा तळ झिजून भोक पडलंय, तो म्हणतो दे इकडे, मी दुरुस्त करतो, आणि तो बूट घेऊन आत जातो. बाहेर डेव्हिड नावाचा मुलगा, जो डालेकांशी लढत होता, तो सुझनला थांब म्हणतोय, लग्नाचं विचारतोय. तिचं त्याच्यावर प्रेम आहे हे आपल्याला दिसतंय पण ती म्हणते आजोबांना सोडून मला राहता येणार नाही. आजोबा हे सगळं आतून बघतोय. त्याला कळलंय की ही पोरगी स्वतःहून कधीच आपल्याला सोडणार नाही, जन्मभर आपली काळजी करत फिरत राहील आणि तिचं स्वतःचं घर असं कधी होणारच नाही. म्हणून तो दार लावतो. तिला विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाही. तुम्ही आई आहात, तुमच्याइतकं हे कोणाला कळणार.

आतून तो तिला सांगतो की तुझी मुळं कुठेतरी रुजायला हवीत, आणि मग म्हणतो, एक दिवस मी परत येईन, नक्की येईन. आपल्याकडे घरातून निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात, चुकून कोणी जातो म्हटलं की आमची आजी हातातलं काम टाकून टोकायची. डॉक्टरचं ते वाक्य ऐकलं की मला दर वेळी तेच आठवतं. तो गुडबायने सुरुवात करत नाही, आधी येतो म्हणतो.

आणि तो बूट त्याच्याकडेच राहतो! नंतर टार्डिस नाहीशी होते, सुझनच्या हातात टार्डिसची किल्ली असते, ती तिच्या बोटांतून खाली पडते, डेव्हिड तिचा हात धरतो आणि दोघं चालायला लागतात. किल्ली तिथेच जमिनीवर. एका हातात बूट राहिला आणि एका हातातून किल्ली सुटली, यापेक्षा जास्त काय सांगायचं असतं. मी पहिल्यांदा नोकरीसाठी बंगलोरला निघालो तेव्हा वडील पुणे स्टेशनवर माझ्या बॅगेची अडकलेली चेन लावत बसले होते, गाडी हलेपर्यंत तेच चाललं होतं, माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही, आणि मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं की दोन शब्द बोलले असते तर काय झालं असतं. तो बुटाचा सीन बघितल्यावर ती चेन मला कळली.

तुमच्या नातवाला एक गोष्ट सांगा, या सिरियलची अगदी पहिली गोष्ट, जिच्यात सुझन पहिल्यांदा दिसते, ती डायरेक्ट केली वारिस हुसेनने, आणि तो जन्माने लखनौचा. डॉक्टर झालेला विल्यम हार्टनेल १९७५ ला गेला. १९८३ च्या ‘द फाइव्ह डॉक्टर्स’ या स्पेशल एपिसोडची सुरुवातच त्याच्या ‘परत येईन’ या क्लिपने केली आहे, त्यात सुझन पहिल्या डॉक्टरला भेटते, पण तो दुसऱ्या नटाने केलेला. २०२५ मध्ये कॅरल अ‍ॅन फोर्ड परत एकदा सुझन म्हणून थोडा वेळ दिसली, साठ वर्षांनी. आजोबांचं येणं अजून पूर्ण झालंय असं मला तरी वाटत नाही.

प्रश्न: इयन आणि बार्बरा हे पहिल्या दिवसापासूनचे दोघं, आणि त्यांचं घरी परत येणं म्हणजे नुसते फोटो? व्हिडिओ का नाही? पैसे वाचवले का? (पुणे, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

अरे, ते फोटोच तर त्या सीनचा जीव आहेत! ‘द चेस’, शेवटचा भाग २६ जून १९६५. इयन सायन्सचा शिक्षक, बार्बरा इतिहासाची, दोघं १९६३ मध्ये आपल्या विद्यार्थिनीची म्हणजे सुझनची काळजी वाटून तिच्या मागे गेले आणि टार्डिसमध्ये अडकले, तेव्हापासून घरी जायची वाट बघतायत. शेवटी डालेकांचं काळातून जाणारं यान हाती लागतं आणि ते त्यातून लंडनला येतात, साल १९६५, म्हणजे दोन वर्षं मधे गेली. आणि मग ते फोटो येतात एकामागे एक, ट्रॅफल्गर स्क्वेअर, कबुतरं, दोघं वेड्यासारखे हसतायत. आता विचार कर, परत आलेली माणसं काय करतात? फोटो काढतात. चालत्या फिल्मपेक्षा त्या थांबलेल्या फोटोंमध्ये घरी पोचल्याचा आनंद जास्त दिसतो. हे फोटो डग्लस कॅमफील्डने घेतले, त्या गोष्टीचा डायरेक्टर दुसराच होता.

नंतर बसमध्ये इयन जुन्या भाड्याने दोन तिकिटं मागतो आणि कंडक्टर म्हणतो कुठे होतात, चंद्रावर? साधा विनोद आहे, पण दोन वर्षं बाहेर राहून आल्यावर भाडं वाढलेलं कळणं, यातून परतल्याची जी जाणीव होते ती कुठल्या मोठ्या डायलॉगने झाली नसती. आणि इकडे डॉक्टर, जो त्यांनी जायचं म्हटल्यावर भयंकर चिडला होता, तो त्यांना स्क्रीनवर बघतो आणि स्वतःशीच पुटपुटतो की मला त्यांची आठवण येईल. जवळचं माणूस निघतंय म्हणून आधी चिडायचं आणि ते गेल्यावर एकट्याने कबूल करायचं, अशी माणसं प्रत्येक घरात असतात.

इयन झालेला विल्यम रसेल २०२२ ला ५७ वर्षांनी त्याच भूमिकेत अगदी थोडा वेळ दिसला. २०२४ ला तो गेला. जमलं तर तो ५७ वर्षांनंतरचा तुकडा बघच.

प्रश्न: आम्ही लहानपणी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ बघायचो. कर्क, स्पॉक, मकॉय. त्यात असा निरोप कधीच नव्हता असं आठवतंय, बरोबर का? (नागपूर)

बरोबर आठवतंय तुम्हाला. जुन्या ‘स्टार ट्रेक’ची रचनाच अशी होती की एपिसोडच्या शेवटी सगळे परत यानातल्या आपापल्या खुर्चीवर, पुढच्या आठवड्यात नवीन ग्रह. मुख्य माणसांपैकी कोणी जात नाही त्यामुळे निरोपही नाही. जे जायचं ते एका एपिसोडपुरतं भेटलेलं माणूस.

पण त्या एका एपिसोडपुरत्या माणसांमध्ये एडिथ कीलर आहे हो! ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’, ६ एप्रिल १९६७. कर्क आणि स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पोचतात, मंदीचे दिवस, एडिथ गरिबांना जेवण देणारं एक केंद्र चालवतेय, जोन कॉलिन्सने काम केलंय, कर्क तिच्या प्रेमात पडतो आणि मग कळतं की ती जगली तर इतिहास उलटतो आणि हिटलर जिंकतो. शेवटी ती रस्ता ओलांडतेय, गाडी येतेय, मकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला धरून ठेवतो. तिला तो काहीच सांगू शकत नाही, पाठमोरा उभा राहतो. मकॉय विचारतो तू काय केलंस हे कळतंय का तुला, आणि उत्तर स्पॉक देतो, की त्याला माहितीये. निरोप घ्यायलाच न मिळणं हाच तिथला निरोप, आणि तो मला कुठल्याही रडारडीपेक्षा जड वाटतो.

बाकी सिरियलचं म्हणाल तर ७९ एपिसोडनंतर ती ३ जून १९६९ ला संपली, बंदच केली, यानातल्या माणसांना प्रेक्षकांचा निरोप घ्यायलाही मिळाला नाही. गोष्टीतली त्यांची पाच वर्षांची मोहीम तीन वर्षांत आटोपली. आणि बघा, त्याच महिन्यात, २१ जूनला, तिकडे इंग्लंडमध्ये पुढच्या प्रश्नातला निरोप टीव्हीवर लागला.

प्रश्न: ‘द वॉर गेम्स’चा शेवट मला सहन होत नाही. जेमी आणि झोईची आठवणच पुसून टाकतात. यापेक्षा ते मेले असते तर बरं झालं असतं असं वाटलं. माझं चुकतंय का? (कोल्हापूर)

चुकत नाहीये, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

दहा भागांची गोष्ट, पॅट्रिक ट्राउटनची डॉक्टर म्हणून शेवटची, आणि ब्लॅक अँड व्हाइटमधलीही शेवटची. डॉक्टर ज्या लोकांतून पळून आलेला असतो ते टाइम लॉर्ड्स त्याला पकडतात, खटला चालवतात आणि सोबत्यांना जिथून आले तिथे परत पाठवायचं ठरतं, डॉक्टरला पहिल्यांदा भेटले तेवढंच लक्षात ठेवून बाकी सगळं पुसून. जेमी १७४६ च्या कलोडनच्या लढाईनंतरचा स्कॉटिश पोरगा, ट्राउटनच्या अगदी पहिल्या गोष्टीचा अपवाद सोडला तर त्याच्या प्रत्येक गोष्टीत तो आहे. झोई भविष्यातल्या एका अवकाश स्थानकावरची हुशार मुलगी.

निरोप होतो तो उभ्या उभ्याच. जेमी म्हणतो मी तुम्हाला विसरणार नाही. डॉक्टर म्हणतो मीही नाही, आणि फार भानगडीत पडू नकोस. यातलं एकच वाक्य खरं होणार आहे हे डॉक्टरला माहितीये, आपल्यालाही माहितीये, जेमीला नाही. झोई विचारते परत भेटू का, आणि डॉक्टर तिला म्हणतो की काळ सापेक्ष असतो ना, हे तुला नि मला दोघांना माहितीये. म्हणजे इथेही सरळ नाही म्हणत नाही तो. हात मिळवतो, बस. ट्राउटनचा चेहरा त्या वेळी बघा, हसतोय, आणि हसू टिकवायला किती जड जातंय ते दिसतं.

पण मला खरं हलवून सोडतं ते त्यानंतरचं. झोई आपल्या स्थानकावर परत पोचते, कोणीतरी तिला विचारतं काय झालं, आणि ती म्हणते मला वाटलं मी काहीतरी महत्त्वाचं विसरलेय, पण काही नाही. आमच्या शेजारच्या आजी शेवटच्या दिवसांत दारात येऊन उभ्या राहायच्या, कशाला आले होते मी, असं म्हणायच्या आणि परत जायच्या. झोईच्या त्या वाक्याला मला त्या आजी दिसतात. मेलेलं माणूस निदान कोणाच्या तरी आठवणीत असतं, इथे उलटं झालंय, माणसं जिवंत आहेत आणि तीन माणसांची आठवण एकट्या डॉक्टरला सांभाळायची आहे. म्हणून तुम्हाला ते मरणापेक्षा वाईट वाटलं.

प्रश्न: जो ग्रँटचं लग्न ठरल्यावर डॉक्टर पार्टीतून न सांगता निघून जातो. तो तिच्या प्रेमात होता का? मैत्रिणीशी यावरून वाद चाललाय. (डोंबिवली)

‘द ग्रीन डेथ’, शेवटचा भाग २३ जून १९७३. जॉन पर्टवी डॉक्टर, केटी मॅनिंग त्याची सोबती जो. वेल्समधली बंद पडलेली खाण, केमिकल कंपनीने आत सोडलेलं विषारी घाण पाणी आणि त्यातून झालेल्या राक्षसी अळ्या, ही गोष्ट इंग्लंडमध्ये लोकांना अजून अळ्यांमुळे आठवते. जो तिथे क्लिफर्ड जोन्स नावाच्या तरुण प्रोफेसरच्या प्रेमात पडते आणि डॉक्टरलाच सांगते की तो मला तुमच्यासारखा वाटतो, फक्त तरुण. आता हे ऐकून त्या माणसाला काय वाटलं असेल.

प्रेमात होता का, तर नवरा-बायकोच्या अर्थाने नाही असं माझं मत आहे. मला तो सीन मुलीच्या पाठवणीसारखा वाटतो. मांडवात सगळे हसतायत, फोटो चाललेत, आणि मुलीचा बाप कुठेतरी मागे मंडपाच्या खांबाला धरून एकटा उभा असतो ना, तसा. गोष्टीच्या सुरुवातीला डॉक्टरला तिला मेटेबेलिस थ्री या ग्रहावर घेऊन जायचं असतं, ती म्हणते नाही, मला वेल्सला जायचंय, मग तो एकटाच जाऊन तिथला निळा स्फटिक आणतो. तोच स्फटिक शेवटी तिला लग्नाचा आहेर म्हणून देतो. जिथे बरोबर जायचं होतं तिथली वस्तू देतो. मग सगळे नवरा-नवरीच्या नावाने ग्लास उंचावत असताना तो आपला ग्लास रिकामा करतो, बाहेर पडतो, बेसी ही त्याची जुनी पिवळी गाडी सुरू करतो आणि संध्याकाळच्या अंधारात एकटा निघून जातो. जोला कळतं, ती दाराकडे बघते, पण मागे धावत नाही.

पुढच्याच वर्षी जो तो स्फटिक अ‍ॅमेझॉनच्या जंगलातून पोस्टाने परत पाठवते आणि त्यावरून पर्टवीच्या शेवटच्या गोष्टीचं चक्र फिरायला लागतं, म्हणजे आहेरच त्याच्या शेवटाला कारण झाला. २०१० मध्ये याच सिरियलमधून निघालेल्या ‘द सारा जेन अ‍ॅडव्हेंचर्स’मध्ये जो परत दिसली, सात मुलं, बारा नातवंडं आणि तेरावं येऊ घातलेलं. तिचं घर भरलं! मैत्रिणीला हे सांगा, वाद मिटेल.

प्रश्न: सगळ्यात वाईट निरोप कुठला? (नाशिक)

डोडो, पहिल्या डॉक्टरची एक सोबती. विचार करायची गरजच नाही. ‘द वॉर मशीन्स’, १९६६. एका कॉम्प्युटरने तिला संमोहित केलेलं असतं, दुसऱ्या भागात तिला आराम करायला गावाकडे पाठवतात आणि त्यानंतर ती दिसतच नाही. चौथ्या भागाच्या शेवटी दुसरीच मुलगी येऊन डॉक्टरला सांगते की डोडो इथेच राहणार आहे. आपल्या भाषेत निरोप म्हणजे विदाई आणि निरोप म्हणजे सांगावा, दोन्हीला एकच शब्द, आणि डोडोच्या वाट्याला नुसता सांगावा आला, तोही दुसऱ्याच्या तोंडून. डोडो झालेल्या जॅकी लेनवर हा अन्यायच झाला.

लीलाचंही तसंच, १९७८, सुरी घेऊन फिरणारी शूर मुलगी, तिला एकदम एका पहारेकऱ्याच्या प्रेमात पाडलं आणि लग्नाला ठेवून घेतलं, आधी त्या प्रेमाचा मागमूस नाही. ते काम करणाऱ्या लुईस जेमसनला लीला लढता लढता मेलेली चालली असती. फक्त दार बंद झाल्यावर डॉक्टर झालेला टॉम बेकर आतून हळूच म्हणतो की मलाही तुझी आठवण येईल, तेवढ्या एका वाक्याने थोडं सावरलंय.

प्रश्न: एड्रिक मेल्यानंतरच्या श्रेयनामावलीला म्युझिकच नाहीये. माझी कॉपी खराब आहे का? (पणजी)

कॉपी ठीक आहे. ‘अर्थशॉक’चा चौथा भाग, १६ मार्च १९८२. एड्रिक हा डॉक्टरचा सोबती, गणितात हुशार पोरगा, पृथ्वीवर आदळायला निघालेलं मालवाहू यान वाचवायला शेवटचं कोडं सोडवत असतो, सायबरमॅन, म्हणजे यंत्र झालेला माणूस, कंट्रोल पॅनल उडवतो, आणि एड्रिक म्हणतो आता मला कधीच कळणार नाही की माझं उत्तर बरोबर होतं का. हातात मेलेल्या भावाचा पट्टा धरून उभा असतो. नंतर पडद्यावर फक्त त्याचा फुटलेला बिल्ला, गणितातल्या हुशारीसाठी मिळालेला, आणि नावं जातात, आवाज काही नाही. दर आठवड्याला ते म्युझिक ऐकायची सवय झालेल्या मुलांच्या घरात त्या संध्याकाळी केवढी शांतता झाली असेल. एड्रिक कित्येकांना आवडायचा नाही, पण त्या शांततेपुढे सगळे गप्प बसले.

प्रश्न: जुने सगळे निरोप आज बघायला मिळतात का? व्हिक्टोरियाचा कुठेच सापडत नाही. (औरंगाबाद)

नाही मिळत, आणि याचं मला फार वाईट वाटतं. बीबीसीने साठच्या दशकातल्या टेप पुसल्या, जागा आणि पैसा वाचवायला, तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं की हे परत कोणी बघेल. त्यात व्हिक्टोरियाची शेवटची गोष्ट, १९६८ ची ‘फ्युरी फ्रॉम द डीप’, सहाही भाग गेले. पण आवाज आहे! त्या काळी घरोघरी पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून एपिसोड रेकॉर्ड करायची, त्यांच्यामुळे हरवलेल्या एकूण एक एपिसोडचा आवाज शिल्लक आहे. २०२० मध्ये त्या आवाजावर अ‍ॅनिमेशन करून ही गोष्ट आली, तीच बघा. सततच्या भीतीला कंटाळलेली ती मुलगी एका कुटुंबाकडे राहायचं ठरवते, आणि डॉक्टर एक रात्र जास्त थांबतो, तिचा निर्णय पक्का आहे ना याची खात्री व्हावी म्हणून. सुझनला विचारलं नव्हतं, व्हिक्टोरियाला विचारलं आणि वरून रात्रभर वेळ दिला. जेमी मात्र फार हिरमुसतो.

प्रश्न: माझी मुलगी तेरा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिला एकच जुना निरोप दाखवायचा असेल तर कुठला दाखवू? (न्यू जर्सी)

सारा जेन स्मिथ. ‘द हँड ऑफ फिअर’, चौथा भाग, २३ ऑक्टोबर १९७६. टॉम बेकर डॉक्टर आणि एलिझाबेथ स्लेडन सारा. या दोघांनी आपला शेवटचा सीन बराचसा स्वतःच बसवून लिहिला, आणि ते ऐकताना कळतं, कारण लेखकाने लिहून दिलेली वाक्यं अशी अडखळत नाहीत.

सारा चिडलेली असते, सारखं थंडीत कुडकुडायचं, भिजायचं, कोणीही येऊन संमोहित करायचं, कंटाळा आलाय मला, मी घरी जाते, असं म्हणून सामान भरायला जाते. मनातून तिला कोणी थांब म्हणावं असंच वाटत असतं. तेवढ्यात डॉक्टरला त्याच्या ग्रहावरून बोलावणं येतं, तिथे माणसांना नेता येत नाही. ती सामान घेऊन येते, लालपांढऱ्या पट्ट्यांचे कपडे, हातात रोपाची कुंडी, काखेत कापडी घुबड, आणि तो म्हणतो तुला घरी जावं लागेल. ती म्हणते अहो मी गंमत करत होते, मी नाही जाणार. पण आता खरंच जायचंय. तुमच्या मुलीला ते सामान नीट बघायला सांगा, कारण घरातून निघताना आपण जे उचलतो ते असंच असतं, सगळ्यात महत्त्वाचं नाही, सगळ्यात आपलं. ती म्हणते मला विसरू नका. तो म्हणतो तूही मला विसरू नकोस. आणि मग, परत भेटेपर्यंत. इथेही तो गुडबाय म्हणत नाहीच.

टार्डिस जाते. ती आजूबाजूला बघते आणि तिला कळतं की ही आपली गल्लीच नाही, बहुतेक हे साउथ क्रॉयडनसुद्धा नसेल. रस्त्यावर एक कुत्रा बसलेला असतो, त्यालाच ती हे सांगते. मग शीळ घालत, घुबड-कुंडी सांभाळत चालायला लागते, एकदा वर आभाळाकडे बघते, आणि चित्र तिथेच थांबतं.

पण एवढ्यावर थांबू नका. एक दिवस जाऊ द्या आणि मग २००६ चा ‘स्कूल रियुनियन’ दाखवा. तीस वर्षांनी सारा परत येते, पन्नाशी उलटलेली, डॉक्टर आता डेव्हिड टेनंट, तरुण दिसणारा. ती त्याला सांगते की तुम्ही मला क्रॉयडनला नाही, अ‍ॅबर्डीनला सोडलं होतंत. हसू येतं, आणि लगेच ती म्हणते मी वाट बघत होते. तीस वर्षं ते ‘परत भेटेपर्यंत’ ती धरून बसली होती. येतो म्हणून गेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या बाईचं काय होतं हे जुन्या सिरियलने कधी विचारलं नव्हतं, ते इथे विचारलं. शेवटी निघायच्या वेळी डॉक्टर परत तसंच गोड काहीतरी बोलायला लागतो आणि ती त्याला अडवते, म्हणते यावेळी म्हणा, प्लीज, म्हणाच. आणि तो म्हणतो, गुडबाय, माय सारा जेन, आणि तिला मिठी मारून उचलतो.

एलिझाबेथ स्लेडन १९ एप्रिल २०११ ला गेली. दोन्ही सीन तुम्हीही मुलीच्या शेजारी बसून बघा, तिला एकटीला लावून देऊ नका.